‘जातो’ म्हणायची चोरी

शाहूपुरीत माझं एक लहानसं दुकान आहे. बाहेर पाटी लावलीय, ‘बर्फात चालायला व चढायला शिकवले जाईल’. एका बाजूला पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चहाची गाडी. एप्रिलच्या उन्हात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागतं, तेव्हा ही पाटी वाचून माणसं हमखास थांबतात. काही नुसती हसतात, काही आत येतात. “पावणं, बर्फ हाय कुठं?” हा पहिला प्रश्न. दुसरा, “आन् पडलो तर?” पहिल्याचं उत्तर मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून देतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला दोन-अडीच आठवडे लागतात. आमचा धंदा म्हणजे एवढंच.

दर उन्हाळ्यात मी कोल्हापूर भागातली दहा-बारा माणसं हिमाचलात घेऊन जातो. तिथं माझा जोडीदार नोरबू आहे. तो लाहौलचा, बर्फातच वाढलेला. आम्ही दोघं मिळून या माणसांना बर्फावर उभं राहायला, चालायला, दोरीला बांधून चढायला शिकवतो आणि शेवटी एका सोप्या शिखरावर नेतो. मी स्वतः उचगावचा. ऐन उमेदीची वर्षं फौंड्रीत भट्टीसमोर काढली. तिथून बर्फात कसा गेलो ते सांगत बसलो तर हा अंक पुढच्या दिवाळीला निघेल. भाजलेल्या माणसाला गार हवा बरी वाटते, एवढं धरून चला.

गिऱ्हाईक म्हणाल तर एकेक नमुना. एक नवरदेव लग्नाआधीचे फोटो काढायला क्रॅम्पॉन भाड्यानं मागायला आला. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाच्या तळाला बांधायचे लोखंडी दाते, बर्फात रुतणारे. मी म्हटलं, “बाबा, हे घालून नवरीच्या पायावर पाय पडला तर लग्न मोडेल.” तो बिचारा खरंच विचारात पडला आणि परत गेला. एका टेलरनं घरचा तांबडा रस्सा स्टीलच्या डब्यात भरून थेट वरच्या तळापर्यंत आणला होता. सकाळी बघतो तर रश्श्याचा दगड. शेवटी आइस ॲक्सनं, म्हणजे बर्फात रोवायच्या चोचदार कुऱ्हाडीनं, त्याच्या वड्या पाडल्या. नोरबूनं त्यातली एक बर्फी समजून तोंडात टाकली. त्यानंतर आम्ही काहीही दिलं तरी तो आधी हुंगून बघायचा.

आमच्याकडं पहिला धडा चढण्याचा नसतो, पडण्याचा असतो. बर्फाच्या उतारावर माणूस पडला की घसरत जातो, आणि बघता बघता वेग एवढा वाढतो की मग देवसुद्धा थांबवू शकत नाही. त्यामुळं जे करायचं ते पहिल्या झटक्यात. पाठीवर पडलात तर लगेच पालथं व्हायचं, आइस ॲक्सची चोच छातीखाली धरून बर्फात दाबायची, सगळं वजन तिच्यावर टाकायचं आणि पाय उचलून धरायचे, कारण क्रॅम्पॉन अडकले तर माणूस कोलांटी खातो. सांगायला चार वाक्यं. पण अंगात मुरायला शंभर वेळा पडावं लागतं, आणि कोल्हापुरात बर्फ मिळतो तो मासळीबाजारात.

त्यावर मी एक तोड काढली. हातकणंगल्याच्या अलीकडं माझ्या ओळखीचं एक गुऱ्हाळ आहे. उसाचा रस काढून उरलेलं चिपाड तिथं रस आटवायच्या काहिलीखाली जाळायला ढीग करून ठेवतात. हंगामात हा ढीग दोन पुरुष उंच होतो. त्याच्या वरच्या निम्म्या भागावर ताडपत्री अंथरून तिच्यावर पाणी मारायचं, खालचा भाग उघडा ठेवायचा. माणूस वरून घसरतो, ताडपत्रीवर वेग घेतो आणि उघड्या चिपाडात आला की सुताराकडून करून घेतलेली लाकडी ॲक्स रोवून थांबतो. थांबला नाही तर खाली आणखी चिपाड असतंच. दोन दिवस अंग खाजतं, बाकी काही होत नाही.

गुऱ्हाळाचे मालक पहिल्या वर्षी कमरेवर हात ठेवून बघत होते. “सर, एवढी शिकलेली माणसं पडायचं शिकायला हिकडं येत्यात व्हय?”

“व्हय की.”

“आमची गडीमाणसं शिकवल्याबिगर पडत्यात,” ते म्हणाले आणि काहिलीकडं गेले.

अक्काताई मला भेटल्या त्या याच ढिगाच्या पायथ्याला. पन्नाशीला आलेली बाई, पलीकडच्या गावची, घरी सात-आठ म्हशी. किटली घेऊन काकवी न्यायला आल्या होत्या. किटली खाली ठेवून त्या बराच वेळ आमच्याकडं बघत राहिल्या. मग पदर कमरेला खोचून माझ्यापाशी आल्या. “मी एकदा पडून बगू का?”

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी करतो, मी खातो’ असंच बोलतात. पुण्याच्या पावण्यांना ते ऐकून मौज वाटते. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

मी हो म्हटलं. त्या वर चढल्या, बसल्या, घसरल्या आणि अर्ध्यात पालथ्या होऊन जागच्या जागी थांबल्या. रोज दोन वेळ धारा काढणारे हात, लाकडी दांड्यावरची पकड बघण्यासारखी होती. उठून त्यांनी केसांतलं चिपाड काढलं, किटली उचलली आणि निघून गेल्या. मला वाटलं, हौस फिटली.

पुढच्या आठवड्यात त्या एसटीनं शाहूपुरीत दुकानावर हजर. पाणीसुद्धा न घेता बोलायला लागल्या.

“सर, माझं पोरगं मिल्ट्रीत हाय. संतोष. बर्फात हाय. कुठं ते सांगत न्हाय, सांगायचं बी नसतंय म्हणं. त्ये जाऊ दे. पण कसं हाय ते तरी सांगावं की न्हाय? दर आयतवारी फोन येतोय, आन् एकच बोलणं. बरं हाय आई, थंडी हाय. बरं हाय आई, थंडी हाय. रेडिओवाणी.”

“काळजी वाटू नये म्हणून बोलत नसेल, अक्का.”

“ते मला कळतंय. पण मला इचारता तरी कुठं येतंय? बर्फ मी बघितला न्हाय. जेवलास का म्हणतो, झोप लागती का म्हणतो, मग माझं संपतंय आन् त्येचं बी संपतंय. एकदा सोता बर्फावर हुभी ऱ्हायलो, चढलो, की काय इचारायचं ते मला कळंल. मग बघतो कसं सांगत न्हाय ते.”

“घरी मालक काय म्हणाले?”

“म्हणालं, जाऊन ये. म्हशी जावंकडं दिल्यात.”

माझ्या दुकानात येणाऱ्या माणसांना बर्फ कशासाठी हवा असतो ते मला पाठ आहे. फोटोला, पैजेला, डॉक्टरनं चाल म्हटलं म्हणून, बायकोशी भांडण झालं म्हणून. लेकाला नीट प्रश्न विचारता यावा म्हणून बर्फ मागणारं हे पहिलंच माणूस. मला गलबलून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उठून बुटांचं माप काढायला लागलो.

आता थोडं दोरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं दोरीवर घडलं. चढ उभा झाला की दोघादोघांनी एका दोरीला बांधून घ्यायचं. एकजण खाली थांबतो, बर्फात हातभर लांबीचा धातूचा बार ठोकतो, स्वतःला त्याला बांधतो आणि दुसऱ्याची दोरी हातात धरतो. दुसरा चढायला लागतो. थांबलेल्याचं काम आरामाचं दिसतं आणि तेच सगळ्यांत जोखमीचं. जोडीदार पुढं चालला तर दोरी हळूहळू सोडत राहायची, मागं येत असेल तर ओढून घ्यायची. उलटं झालं तर चढणाऱ्याला आपणच खाली खेचतो. आणि मध्ये बर्फाचा उंचवटा आला की दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मग काय ते ओरडण्यावर.

हे ओरडणं मी ज्या संस्थेत शिकलो तिथं इंग्रजीत होतं, आणि वर्षानुवर्षं मीही तेच शिकवलं. पोरं पाठ करतात, सरावात छान ओरडतात. पण माणूस घाबरला की आईच्या भाषेत ओरडतो, त्याला इलाज नाही. म्हणून एका वर्षी मी मराठी हाका तयार करायचं मनावर घेतलं होतं. चढायला निघताना काय म्हणायचं? ‘वर जातो’. वर गेला म्हणजे काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. दोरीतून मोकळं झाल्यावर? ‘सुटलो’. तेही तसलंच. दोरी पुरी झाली की? ‘संपली’. एका वात्रट पोरानं ‘चढते, चढते’ असं सुचवलं, आणि ते संध्याकाळच्या बैठकीला जास्त शोभलं असतं. आपल्या भाषेतल्या निम्म्या क्रियापदांवर यमानं आधीच ताबा मारून ठेवलाय. मी नाद सोडला आणि इंग्रजीवर परत गेलो.

अक्काताई त्या वर्षीच्या तुकडीत आल्या. बर्फ पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांनी ओंजळीत घेतला, वास घेतला आणि तसाच टाकून दिला. कुणी फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाल्या. चालायला त्या सगळ्यांत आधी शिकल्या. बर्फात बुटाची टाच रोवून एकेक पाऊल टाकायचं असतं, घाई केली की माणूस आपटतो. त्यांना घाई अशी नव्हतीच.

दोरीवर त्यांची जोडी लावली होती प्रशांतशी. हा आमच्या शाहूपुरीतल्याच एका बँकेत नोकरीला, तिशीतला, नीटनेटका माणूस. दाढी तळावरसुद्धा रोज करायचा. दोघांचं छान जमलं. तो त्यांना बुटाच्या नाड्यांच्या गाठी दाखवायचा, त्या त्याला शेंगदाण्याची चटणी वाढायच्या.

सरावाचा उतार आम्ही मुद्दाम असा निवडतो की खाली सपाट मैदान असतं. पडलं तरी हाडं शाबूत राहतात. त्या दिवशी अक्काताई पुढं चढत होत्या, प्रशांत खाली दोरी धरून. मधल्या उंचवट्यावरून त्या पलीकडं गेल्या आणि दोघं एकमेकांना दिसेनासे झाले. तिथं एक लाल निशाण रोवलेलं होतं. निशाणापाशी थांबायचं आणि मी हात करीन तसं पुढं जायचं किंवा मागं फिरायचं, असं ठरलेलं. मी वरून हात केला, पुढं या.

अक्काताईंनी मान हलवली, खाली तोंड केलं आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, “येतो!”

घरातून निघताना आपल्यात कुणी ‘जातो’ म्हणत नाही. म्हशींच्या गोठ्यात जायचं तरी उंबऱ्यात ‘येतो’ म्हणायचं. त्यांच्या तोंडून तेच आलं. खाली प्रशांतनं ऐकलं, येतो. म्हणजे अक्का मागं येतायत. त्यानं शिकवल्याप्रमाणं झपाझप दोरी ओढून घेतली. अक्काताईंचा एक पाय नेमका उचललेला. त्या मागच्या मागं पाठीवर कोसळल्या, डोकं खाली, आणि घसरायला लागल्या. मी वरून बघत होतो आणि माझ्या हातात काही नव्हतं. त्यांनी अंग वळवलं, पालथ्या झाल्या, ॲक्स दाबली आणि उंचवट्याच्या काठावर थांबल्या.

कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण मी धावत खाली गेलो, आणि भीती गेल्यावर माणसाला येतो तसला राग मला आला.

“इंग्रजी शब्द शिकवला होता ना? काय म्हणायचं ठरलं होतं?”

“त्ये तोंडात आलंच न्हाय बगा.”

“मग ‘जातो’ म्हणायचं. सरळ मराठीत. जातो. म्हणा बघू.”

अक्काताईंनी माझ्याकडं बघितलं. “त्ये मी म्हणनार न्हाय.”

“अहो, नुसता शब्द आहे.”

“सर, माझं पोरगं असल्याच बर्फावर हुभं हाय. आन् मी बर्फावर हुभी ऱ्हाऊन जातो म्हणू व्हय? पायजे तर खाली पाठवा मला.” मग जरा थांबून, मला बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाल्या, “जाऊन येतो म्हटलं तर चालंल का?”

म्हणजे आता खालच्यानं ओढायचं की सोडायचं ते त्यानंच ठरवायचं. मला हसू आलं आणि ते आवरता आवरता आणखी राग आला.

नोरबूनं मला बाजूला घेतलं. तो कमी बोलतो. “सर, दीदी मज़बूत है। पर रस्सी पर बोली ग़लत, तो सब ग़लत।” शिखराच्या वाटेवर असाच एक उभा टप्पा आहे, पण त्याच्या खाली सपाट मैदान नाही. तिथं परीक्षा म्हणून शिकणाऱ्यांनाच पुढं चढू द्यायचं असतं. नोरबूचं म्हणणं, अक्कांना तळावर ठेवावं. त्याचं बरोबर होतं. धंद्यातला नियमच आहे, ज्याच्या हाकेचा भरवसा नाही त्याला दोरीवर घ्यायचं नाही. पण ही बाई म्हशी सोडून एवढ्या लांब आली होती ते एका प्रश्नासाठी, आणि तो प्रश्न त्या उभ्या टप्प्यावरच सापडणार होता. सपाटीवरचा बर्फ बघून लेकाला काय विचारणार? थंडी आहे का?

जेवणाच्या तंबूत प्रशांतनं ताट पुढं घेतलं पण खाईना. अक्काताई त्याला म्हणाल्या, “अवं, तुमचं काय चुकलं? येतो म्हटल्यावर दोरी वडायचीच की.”

“तसं नव्हे अक्का,” प्रशांत म्हणाला. “तुम्ही निघायच्या आधी मला विचारलंच नाही. नुसतं सांगितलंत आणि पाय उचललात. मी दोरी नीट धरलीय की नाही, तुम्हाला काय माहीत?”

“मग काय इचारायचं?”

प्रशांतचं बँकेतलं शुद्ध मराठी बाजूला पडलं आणि तो घरात बोलतो तसं बोलला. “हाय का, म्हणून इचारायचं. मी म्हणनार, हाय. मग उचला पाय.”

मी हातातला चहा खाली ठेवला. जाणं नाही, येणं नाही. तू आहेस का, एवढंच. आणि गंमत म्हणजे, मी शिकलो त्या इंग्रजी हाकांतही पहिली हाक प्रश्नाचीच आहे, दोरी धरलीस का अशी. आम्ही ती मंत्रासारखी पाठ करून तिच्यातला प्रश्न घालवून टाकला होता. उत्तर आलं की नाही इकडं कुणाचं लक्षच नसायचं. शिवाय ‘हाय’मधला ‘आ’ मोकळ्या गळ्याचा. कोल्हापूरच्या माणसाच्या गळ्यातून तो डोंगरापलीकडं ऐकू जातो. आपल्या मोठ्यानं बोलण्याला आयुष्यभर नावं ऐकून घेतली, इथं ते कामाला येणार होतं.

एक अडचण मात्र होती, आणि ती अक्कांनीच काढली. “आन् धरलेली नसली तर? न्हाय म्हणायचं? वाऱ्यात हाय आन् न्हाय एकच ऐकू येतंय.” खरं होतं ते. मग ठरलं, दोरीवर ‘न्हाय’ला बंदी. असेल तर ‘हाय’ म्हणायचं, नसेल तर तोंड बंद. उत्तर आलं नाही म्हणजे पाय उचलायचा नाही. आणि ‘येतो’ म्हणायचं ते खरोखर खाली यायचं असेल तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी सगळ्या उतारावर “हाय का?” “हाय!” असा दणका सुरू झाला. पहिल्या पाच-सहा हाकांतच नोरबू औषधांची पेटी घेऊन धापा टाकत वर आला. त्याच्या हिंदीत ‘हाय’ म्हणजे कुणीतरी विव्हळतंय, आणि इथं तर अख्खी तुकडीच विव्हळत होती. समजावल्यावर तो हसला नाही. तासभर खडकावर बसून त्यानं नुसतं ऐकलं. मग उठून मला म्हणाला, “दीदी को ले चलो।”

शिखराच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. सकाळचा बर्फ कडक असतो, क्रॅम्पॉन करकर वाजतात, चालायला सोपं जातं. ऊन चढलं की तोच बर्फ मऊ पडतो आणि भरवशाचा राहत नाही. म्हणून सगळा खेळ वेळेवर उरकायचा असतो. आमच्यातल्या एकाच्या बुटाचा पट्टा तुटला, त्यात उशीर झाला. उभ्या टप्प्याशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मी पुढं होऊन वर स्वतःचा बार ठोकून बसलो. नोरबू मागच्या दोऱ्यांबरोबर बराच खाली होता. अक्का आणि प्रशांतची दोरी पहिली.

अक्काताई अर्धा टप्पा चढून आल्या. पायऱ्या करायची त्यांची पद्धत बघत राहावी अशी, एकेक ठोसा जागेवर. शिखर तिथून दिसत होतं, अगदी हाताशी आल्यासारखं. पश्चिमेकडून ढगही यायला लागले होते. दम घ्यायला त्या थांबल्या, मग निघण्याआधी खाली ओरडल्या, “हाय का?”

उत्तर आलं नाही.

त्यांनी परत हाक मारली. वारा होता. खालून काही नाही. प्रशांत उंचवट्याआड, मला दिसत नव्हता.

मी वरून ओरडलो, “अक्का, चला की! ढग येतायत!” मला वाटलं, पोरगा दमला असेल, लक्ष नसेल. ढग अंगावर यायच्या आत मला तुकडी शिखरावर न्यायची होती. दर वर्षी नेतो. कोल्हापूरला परत गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो, किती जण पोचले.

अक्काताई हलल्या नाहीत. दोन्ही पाय बर्फात रोवून, ॲक्सवर दोन्ही हात ठेवून नुसत्या उभ्या. मी पुन्हा ओरडलो, जरा जास्तच चढ्या आवाजात. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा त्यांनी तीच हाक मारली आणि प्रत्येक वेळी तशाच थांबून राहिल्या. ढग शिखरावर बसले, शिखर गेलं. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, घोगरा, दमलेला. “हाय! अक्का, हाय!”

मग त्या चढून माझ्यापाशी आल्या. मागोमाग प्रशांत आला आणि बर्फात बसकण मारून सांगायला लागला. उन्हानं बर्फ मऊ झाला होता. त्याचा बार, ज्याला तो आणि अक्का दोघं बांधलेले होते, हाताला लागताच लोण्यातल्या सुरीसारखा बाहेर आला. नवी जागा शोधून, वरचा मऊ थर उकरून, तो पुन्हा पक्का ठोकेपर्यंत तो ‘हाय’ म्हणणार कसा? त्या वेळात अक्कांनी पाय उचलला असता आणि पाय निसटला असता, तर दोघांना धरून ठेवायला काही नव्हतं. आणि वरून कोण ओरडत होतं, चला की, चला की? मी.

मी तुकडी तिथूनच मागं फिरवली. शिखर हुकलं. काही चेहरे पडले, प्रशांतचाही पडला. अक्काताईंना मी म्हटलं, “थोडक्यात राहिलं हो.”

“काय ऱ्हायलं?” त्या म्हणाल्या. “मला शेंडा कुठं पायजे हुता?”

खाली यायला मला फार त्रास होतो आताशा. गुडघे तक्रार करतात, दर वर्षी बर्फ थोडा आणखी वर सरकलेला असतो आणि मला तेवढं जास्त चालावं लागतं. मुलीच्या शाळेची स्नेहसंमेलनं मी या धंद्यापायी एकही बघितली नाहीत, याची रुखरुख उतरतानाच जास्त लागते. पण त्या उतरणीवर मी खुशीत होतो. माझ्या शिकवण्यातलं काहीतरी माझ्यापेक्षा नीट कुणालातरी येत होतं.

आम्ही रस्त्याला लागलो तो रविवार होता. गाडी येऊन उभी होती, सामान टपावर चढलं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अक्काताई रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिल्या. “आयतवार हाय. फोन येतोय त्येचा. आल्याबिगर मी हलनार न्हाय.” त्यांना हलवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

फोन आला. त्यांनी स्पीकर लावला. मोबाईलवर त्या नेहमी तशाच बोलायच्या, दोन हात लांब धरून.

“आई, बरं हाय. थंडी हाय. घरी फोन लावलता, आण्णा म्हणालं, तू कुटंतरी गेलीयास?”

“हिमाचलात हाय मी. बर्फावर चढायला शिकायलोय.”

पलीकडून हसू आलं, खोटं वाटल्यासारखं. अक्काताई हसल्या नाहीत.

“संतोष, मला एक सांग. दुपारी उनात बर्फ मऊ पडला की तुमी बार परत ठोकता का तसाच ठेवता?”

पलीकडचं हसू थांबलं. “आई, तुला बार कुणी सांगितला?”

“कुणी सांगाया कशाला पायजे? माझ्या दोरीचा निघाला की काल. तू सांग. ठोकता का न्हाय?”

आणि पोरगा बोलायला लागला. कुठं आहे ते सांगितलं नाही, पण बर्फ कसा आवाज करतो ते सांगितलं. बूट रात्री कुठं ठेवतात, दोरी गोठून काठीसारखी कशी होते, कोण पुढं चालतं, कोण मागं. अक्काताई मध्येमध्ये विचारत होत्या, आणि प्रत्येक प्रश्न असा की त्याला ‘बरं हाय’ म्हणून सुटता येईना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आम्ही सगळे सामान बांधल्याचं नाटक करत उभे होतो, बांधायचं काही उरलं नव्हतं.

“आई,” तो मध्येच म्हणाला, “तितं दोरीवर तुला भ्या वाटलं न्हाय व्हय?”

“वाटलं की. पाय लटालटा कापत हुतं.”

तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “मला बी वाटतंय, आई. रोज वाटतंय.”

प्रशांतनं तोंड फिरवलं. मी गाडीच्या चाकाकडं बघायला लागलो. अक्काताई रडल्या नाहीत. लांब धरलेला मोबाईल त्यांनी पहिल्यांदाच तोंडाजवळ घेतला.

“वाटू दे,” त्या म्हणाल्या. “मागच्याला आदी इचारायचं. आन् उत्तर आल्याबिगर पाय उचलायचा न्हाय, वरनं कोन कितीबी वरडू दे. कळलं?”

“व्हय, आई,” तो म्हणाला.